पाचवं कडवं

कागदाच्या गुंडाळ्या वाटायला सुरुवात झाली, तेव्हा मेताचा चमचा सूपमध्येच राहिला. प्रत्येक गुंडाळीला लाल फीत बांधलेली होती, आणि टोपली घेऊन टेबलामागून टेबल फिरत होती ती तिची मुलगी विबेके.

"माझ्यासाठी?" मेताने शेजारी बसलेल्या डाग्नीला विचारलं.

"नाहीतर काय माझ्यासाठी? सत्तरी तुझी आहे," डाग्नी म्हणाली. "आता तरी सूप गिळ. गार झालं की तुझ्या त्या फॅक्टरीतल्या माशासारखं लागतं."

आमच्या या किनाऱ्यावर गाण्याशिवाय कुणाला जेवण पचत नाही. बारसं असो, चौदाव्या वर्षी चर्चमध्ये श्रद्धा कबूल करायचं कन्फर्मेशन असो, लग्नाची पंचविशी असो, घरातल्या कुणीतरी गाणं रचायचं, सगळ्यांना येणाऱ्या एखाद्या भजनाच्या चालीवर बसवायचं, कागद छापून पाहुण्यांना वाटायचे, आणि सूप झाल्यावर, भाजलेलं मांस यायच्या आधी, सगळ्यांनी मिळून ते खणखणीत म्हणायचं. ज्याच्यावर गाणं, त्यानेही म्हणायचं. गाण्यातल्या शब्दाचा राग धरायचा नाही. शेवटचं कडवं संपलं की उभं राहून तीनदा हुर्रे करायचं, आणि पुन्हा जेवायला बसायचं.

मेताने अशी गाणी अख्ख्या गावाला पुरवली होती. फॅक्टरीत कॉड माशाचे काटे काढता काढता ती ओळी जुळवायची. सुरीचा ठेका होताच. घरी आली की हात धुवायची आणि लिहून काढायची. शब्द आपले नाहीत, देवाने सुचवले, असं ती म्हणायची आणि मनापासून म्हणायची. कुणाला कधी नाही म्हणाली नाही. चाल मात्र एकच. प्रार्थनाघरात संध्याकाळी म्हणतात त्या भजनाची, संथ, म्हाताऱ्यांनाही झेपेल अशी. कडवी नेहमी सहा. पहिल्या चारांत ज्याचा समारंभ त्याचं कौतुक आणि थोडी थट्टा, सहाव्यात आशीर्वाद. आणि पाचव्यात एस्बेन.

एस्बेन म्हणजे तिचा मुलगा. सहा वर्षांचा असताना धक्क्यावरून पाण्यात पडून गेला, त्याला आता तीस वर्षं होऊन गेली होती. लग्न दुसऱ्याचं असो की तिसऱ्याचं, पाचव्या कडव्यात आभाळाची खिडकी उघडायची आणि एस्बेन खाली बघायचा. पहिली काही वर्षं बायका डोळ्यांना रुमाल लावत. पुढे नुसता घसा साफ करत. अलीकडे लोक चौथं संपताना एकमेकांकडे चोरून बघत. "मेताकडे एकच चाल आहे आणि एकच मेलेलं पोर," असं डाग्नी म्हणायची. तिच्या जिभेला हाड नव्हतं, पण खोटं ती कधी बोलली नाही.

इतक्या वर्षांत मेतावर मात्र कुणी गाणं केलं नव्हतं. पन्नाशीला नाही, साठीला नाही. नवरा आयनर मासेमारीच्या बोटीवरून दमून यायचा, त्याला यमक म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. आता तर तोही नव्हता. "मेतावर कोण लिहिणार? तीच लिहिते की," असं सगळे हसून म्हणत आणि तीही हसायची. पण आतून तिला ते लागायचं. म्हणून आज तिने फीत ओढून काढली नाही, गाठ सावकाश सोडवली.

वर छापलं होतं: आमच्या मेताला, सत्तरीनिमित्त. चाल नेहमीचीच.

पियानोवर इंगोल्फ बसला. तो चर्चचा ऑर्गन वाजवायचा, आणि गावातलं लग्न वा मयत त्याच्यावाचून होत नसे. त्याने सूर धरला आणि ऐंशी माणसं सुरू झाली.

पहिलं कडवं छान होतं. फॅक्टरी, सुरी, माशाचा वास असलेली यमकं. मेता हसली. दुसऱ्यात तिची सायकल होती, तिसऱ्यात तिचा कोरडा केक. चौथ्यात सगळ्या गावाची लग्नं एकाच चालीत लावणारी बाई होती. लोकांचे खांदे हलायला लागले होते. हे चांगलं लिहिलंय, मेताला वाटलं, माझ्यापेक्षा चांगलं, आणि तिला लेकीचा अभिमान वाटला.

गाण्याच्या कागदाची एक गंमत असते. माणूस ओळ आधी म्हणतो आणि मग त्याला ती समजते. चाल थांबत नाही, डोळा पुढे जातो, तोंड मागून येतं. तशीच ऐंशी माणसांनी पाचवं कडवं म्हणून टाकलं:

पाचवे कडवे! सावध सारे!
रुमाल घ्या हो, गळा भरे!
खिडकी उघडा, टॉवेल आणा,
एस्बेन आला, पुन्हा बरे!

शेवटची ओळ तोंडातून गेल्यावर ती सगळ्यांना समजली. मग डाग्नी फुटली. तिने तोंडावर हात दाबला तरी हसू बोटांमधून आलं, आणि मग पलीकडचं टेबल, मग सगळा हॉल. वाईट माणसं नव्हती ती. तीस वर्षं घशात अडकलेलं काहीतरी एकदम बाहेर पडलं, इतकंच. एक जण तर हसता हसता रडत होता, त्याच्या लग्नातही एस्बेन येऊन गेला होता.

मेतानेही ते कडवं म्हटलं होतं. सगळ्यांबरोबर, शेवटच्या शब्दापर्यंत. सहावंही म्हटलं. हुर्रे झालं. रिवाजाप्रमाणे ती उठली आणि म्हणाली, "आभारी आहे. विबेकेने छान लिहिलंय." आणि बसली. भाजलेलं मांस आलं. तिने दोन बटाटे खाल्ले.

पाहुणे गेल्यावर त्या दोघीच हॉलच्या स्वयंपाकघरात उरल्या. विबेके ताटं विसळत होती, मेता पुसत होती.

"टॉवेल कशाला घातलास?" मेताने विचारलं. "बाकीचं समजलं मला. टॉवेल कशाला?"

"तू घातला होतास म्हणून."

"मी?"

"माझ्या लग्नात. विसरलीस?" विबेकेने नळ बंद केला नाही. पाण्याच्या आवाजावरच तिने ते म्हणून दाखवलं, चालीशिवाय, धडा वाचल्यासारखं:

"आणिक वरच्या खिडकीमधुनी
एस्बेन अमुचा पाहत असे,
ओले केसहि देवच पुसतो,
ताई म्हणुनी हाक देतसे."

"चांगलं होतं ते," मेता म्हणाली. "सगळे रडले होते."

"सगळे माझ्याकडे बघत होते, आई. पांढऱ्या झग्यात उभी होते मी, आणि सगळे वळून माझ्याकडे बघत होते. माझ्या कन्फर्मेशनला तसंच. माझ्या सिग्नेच्या बारशाला तसंच. गावात कुणाला ठाऊक नाही की त्या दिवशी पोराला कोण सांभाळत होतं? दर वेळी आभाळातून त्याला खाली आणायचीस आणि माझ्यासमोर उभा करायचीस. तुला काय वाटलं, मला बरं वाटत असेल?"

"मी तुझ्यावर कधी आळ घेतला नाही."

"गाण्यात नाही घेतलास. धक्क्यावर घेतलास."

मेताने पुढचं ताट उचललं. धक्क्यावर ती काय बोलली होती ते दोघींनाही पाठ होतं. बाकीची माणसं गळ टाकून पाण्यात शोधत होती, आणि अकरा वर्षांची विबेके भिंतीला टेकून उभी होती. मेता तिला म्हणाली होती, 'हात धरून ठेव म्हणून सांगितलं होतं ना तुला?' एवढंच. त्यानंतर त्या विषयावर घरात अवाक्षर निघालं नाही. गाण्यात निघालं तेवढंच.

"देवाने नेलं असं मी नेहमी म्हणत आले," मेता म्हणाली.

"देवाने नेलं म्हणालीस. माझ्यामुळे गेला नाही, असं कधी म्हणालीस?" विबेकेने नळ बंद केला. "मी तुझी माफी मागायला तयार आहे. आज मी जे केलं ते नीच होतं, मला कळतं. मेमध्ये सिग्नेचं कन्फर्मेशन आहे. तुझंच गाणं हवं म्हणून ती हटून बसलीय. लिही. पाचव्या कडव्यात एस्बेनलाही आण, माझी ना नाही. पण एक ओळ घाल, की ताईची चूक नव्हती. ती अकरा वर्षांची होती, तिची चूक नव्हती. त्याच लोकांसमोर. मग मी त्यांच्यासमोर उभी राहून तुझी माफी मागेन."

"बघते," मेता म्हणाली.

"बघते काय? यमकं तर तुझ्या पदरात येऊन पडतात."

खरंच पडत होती. त्याच आठवड्यात मेताला ते कडवं सुचलं, कपडे वाळत घालताना, चारही ओळी एकदम. अकरा वर्षांची पोर, लहानसे हात, कुणाचा दोष नाही, देव सारं जाणतो. सुबक होतं. ती आत आली, टेबलाशी बसली, पेन्सिल घेतली आणि कागदावर एक अक्षर काही केल्या उमटेना.

दरम्यान गावाला विबेकेचं कडवं फार आवडलं होतं. पहिल्या आठवड्यात लोक कुजबुजत म्हणायचे, पुढे उघड. बंदरावर कुणी भिजून आला की त्याला 'टॉवेल आणा' म्हणत. दुकानात मेता समोर दिसली की लोक गप्प व्हायचे, आणि ती दारातून बाहेर पडली की मागे कुणीतरी चाल गुणगुणायचं. तिची स्वतःचीच चाल. ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणतात, पण ज्याचं जळत नाही त्यालाही कळत असतं. त्याला फक्त शेकायला मिळतं.

हिवाळाभर मेता त्या चार ओळींशी झगडत राहिली. तिने आयुष्यात भजनाच्या चालीवर खोटं लिहिलं नव्हतं. केक कोरडा असला तर कोरडा लिहिलं, नवरा आळशी असला तर आळशी. ती चाल देवाची होती. तिच्यावर खोटं चढवायचं म्हणजे वेदीवर शिळा पाव ठेवण्यासारखं. आणि विबेकेची चूक नव्हती, हे खरं होतं का? हात धरून ठेव म्हणून सांगितलं होतं. पोर मैत्रिणीशी बोलत बोटींच्या शेडमागे गेली. मेताने तिला क्षमा केली होती. रोज रात्री प्रार्थनेत क्षमा केली होती, तीस वर्षं. चूकच नव्हती तर मग इतकी वर्षं आपण क्षमा कसली करत होतो?

डाग्नी एकदा कॉफीला आली आणि कोरा कागद बघून म्हणाली, "अजून रिकामाच? सरळ लिही की पोरीला हवंय ते. चार ओळींनी काय तुझा स्वर्ग बुडतो?"

"खरं नसेल तर?"

"खरं!" डाग्नीने साखरेचा खडा दातात धरला. "खरं ऐकायचंय? अकरा वर्षांच्या पोरीच्या गळ्यात पोर अडकवून तू गेली कुठे होतीस त्या दिवशी? फॅक्टरीत तर नव्हतीस. आयनर बोटीवर होता. तू कुठे होतीस?"

मेताने कोरा कागद उचलून बाजूला ठेवला.

"प्रार्थनाघरात," डाग्नी म्हणाली. "तालमीला. माझ्या शेजारी उभी होतीस, मी खालच्या सुरात, तू वरच्या. हीच चाल चालली होती. तिसऱ्यांदा घोटत होतो. आपलं बरोबर बसत नव्हतं आणि तूच म्हणालीस, अजून एकदा." तिने कॉफीचा घोट घेतला. "आता पाव दे, नुसती कॉफी पोटाला लागते."

मेताने पाव कापला, लोणी लावलं, पुढे ठेवला. हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं. पण ते तिने जिथे ठेवलं होतं तिथे ती स्वतःही जात नसे. ताईची चूक नव्हती, असं एकदा लिहिलं की चूक दारोदार फिरून शेवटी तिच्याच उंबऱ्यावर येऊन बसणार होती. खोटं लिहिता येत नाही, असं ती देवाला सांगत होती. खरं लिहिण्याची भीती वाटते, हे तिने देवालाही सांगितलं नाही.

मेच्या पहिल्या आठवड्यात सिग्ने आली, गाणं टाइप करून न्यायला. चौदा वर्षांची, दातांना तारा, आईसारखी उंच. मेताने सांगितलं तसं तिने टाइप केलं. चार कडवी झाली.

"पाच?" सिग्नेने विचारलं.

"आकडा टाक. खाली चार ओळींची जागा सोड. मग सहा."

"रिकामी? आजी, लोक म्हणतील छपाई चुकली."

"म्हणू देत. ती जागा तुझ्या आईसाठी आहे. तिला कळेल."

काय कळेल, ते मेताने ठरवलेलं नव्हतं. जे लिहिता येत नाही ते लिहिलं नाही, आणि जे ती नेहमी लिहायची तेही लिहिलं नाही. एस्बेनला तिने पहिल्यांदाच त्याच्या खिडकीतून आत पाठवलं होतं. तिच्या हिशेबी हे फार होतं. याहून जास्त तिच्याकडे नव्हतं.

कन्फर्मेशनच्या दिवशी तोच हॉल, तेच सूप, बरीचशी तीच माणसं. सिग्ने पांढऱ्या झग्यात बसली होती. गुंडाळ्या या वेळी मेताने स्वतः वाटल्या. विबेकेच्या हातात दिली तेव्हा दोघींनीही एकमेकींकडे बघितलं नाही.

विबेकेने फीत सोडली आणि पहिल्या चार कडव्यांवर नजरही न टाकता सरळ खाली गेली. पाच. तिने कागद उलटून मागची बाजू पाहिली. पुन्हा सरळ केला. मग तिने मान वर केली. मेता टेबलाच्या दुसऱ्या टोकाशी होती. लेकीच्या तोंडावरचा रंग जाताना तिने पाहिला, आणि तिला कळलं की विबेकेने ती जागा बरोबर वाचली आहे. अगदी बरोबर. आई लिहू शकली असती आणि तिने लिहिलं नाही, एवढंच तिथे होतं.

इंगोल्फने सूर धरला. लोक म्हणू लागले. सिग्नेचा फुटबॉल, सिग्नेची तारांची बत्तिशी, सगळं हसतखेळत गेलं. चौथं संपलं. इंगोल्फ कागदावरचे शब्द कधी बघत नसे, फक्त आकडे बघायचा. सहा म्हणजे सहा वेळा वाजवायचं. त्याने पाचव्यांदा सुरुवात केली.

दोन सूर नुसते पियानोचेच गेले. लोकांनी रिकामी जागा बघितली, एकमेकांकडे बघितलं, मग मेताकडे. आणि एका माणसाने मांडीवर थाप मारली. "अरे वा, मेता! आपली आपणच थट्टा! कडवं आपल्याला पाठ म्हणून छापलंच नाही!"

हॉलभर खुशीची लाट उसळली. म्हातारीने मनावर घेतलं नाही, म्हातारी खिलाडू निघाली, याचा सगळ्यांना मनापासून आनंद झाला होता. आणि त्या आनंदात, कागदाशिवाय, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट जोराने, सगळ्यांनी सुरू केलं:

पाचवे कडवे! सावध सारे!

"थांबा," विबेके म्हणाली. पण ती बसूनच म्हणाली, आणि त्या गजरात कुणाला ऐकू गेलं नाही. 'टॉवेल आणा' आलं तेव्हा माणसांनी खरोखरच मांडीवरचे नॅपकिन उचलून डोक्यावर गरगर फिरवले. डाग्नी एकटी ताटाकडे बघत बसली होती. सिग्ने गोंधळून आईकडे बघत होती, आजीकडे बघत होती, आणि सगळे हसताहेत म्हणून तारांमधून हसतही होती.

कडवं संपलं. टाळ्या पडल्या, मेतासाठी. इंगोल्फ इतका हसत होता की त्याचे हात पियानोवरून खाली आले होते. गाणं तिथेच थांबलं.

सहावं कडवं राहिलं होतं. सिग्नेचा आशीर्वाद त्यात होता. पोरीचं गाणं आशीर्वादाविना अर्धवट सोडायचं नसतं, हे त्या हॉलमध्ये आत्ता फक्त एकीलाच आठवत होतं.

मेता उठली. तिने टेबलाची कड धरली आणि सहावं सुरू केलं, पियानोशिवाय, एकटीने. सूर तिने खालचा धरला, डाग्नीचा, कारण वरचा आता पोचत नव्हता. हळूहळू लोकांनी नॅपकिन खाली ठेवले. कुणीतरी तिला साथ दिली, मग आणखी कुणी, आणि शेवटच्या ओळीपर्यंत सगळा हॉल तिच्यामागून आला.

मग सगळे उभे राहिले आणि तीनदा हुर्रे केलं. विबेकेही उभी राहिली, रिवाजच होता तो. तिचं तोंड उघडत होतं आणि मिटत होतं. आवाज फुटत होता की नाही, ते मेताला टेबलाच्या त्या टोकावरून ऐकू आलं नाही.